दोन वर्षांच्या मुलासोबतची संध्याकाळ: या चुका टाळा

संध्याकाळी पावणेसातला मी घरी पोचते. लेक सव्वादोन वर्षांची आहे, साडेनऊला झोपते. हातात उरतात पावणेतीन तास. त्यातच कुकर, पोळ्या, वाळलेले कपडे, तिचं जेवण, हातपाय धुणं आणि गोष्ट. कितीतरी महिने मी ‘आधी सगळं उरकते, मग निवांत खेळू’ म्हणत राहिले. निवांतपणा यायचा तेव्हा ती पेंगुळलेली असायची. पुढच्या बहुतेक चुका मी स्वतः केल्या आहेत आणि एकेक करून सोडवल्या आहेत.

‘कामं झाली की खेळू’

सगळ्यात मोठी चूक हीच. या वयात काम वेगळं आणि खेळ वेगळा असं काही नसतंच. आपण जे करतोय तेच तिला करायचं असतं, आणि आपण तिला तिथूनच उठवून खेळण्यांच्या टोपलीकडे पाठवतो. मग ती पायाला मिठी मारून रडते, आपण चिडतो, आणि पोळी करपते ती वेगळीच.

मी आता रोज एकच काम तिच्यासोबत करते. सगळी नाहीत, एकच. मेथीची जुडी असेल तर वर्तमानपत्र पसरून दोघी बसतो. ती एकेक पान तोडते, नाकाशी नेते, पुन्हा काडीला चिकटवून बघते. कधी कणकेचा गोळा मिळतो, कधी कपडे वाळत घालताना चिमटे हातात द्यायचं काम. मोज्यांच्या जोड्या लावणं तिचं सर्वांत आवडतं. कामाला दीडपट वेळ लागतो, तो धरूनच चालायचं. त्या दिवशी भाजी साधी ठेवायची किंवा वरणभातावर भागवायचं.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला बालवाड्या चालवल्या, त्या आजूबाजूला सापडणाऱ्या पानं, बिया, खडे, शिंपल्यांच्या आधारावर. आपल्या ओट्याखालीही तेवढा खजिना असतो.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. शेंगदाणे, चणे, मटाराचे दाणे घशात अडकू शकतात, म्हणून ते या वयाच्या मुलांच्या हाती देऊ नका. आणि बादलीत वीतभर पाणी असलं तरी तिच्याजवळ मुलाला क्षणभरही एकटं सोडू नका.

मोबाइल लावून भरवणं

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं की दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच, आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला तासाभराहून जास्त नको. हे आपल्याला ऐकून माहीत असतं, तरी घास पोटात जातोय या समाधानापायी मोबाइल लागतो. पण तसं जेवताना पोट भरलंय हे मुलाच्या लक्षातच येत नाही, आणि आपलंही त्याच्या चेहऱ्याकडे लक्ष राहत नाही. पहिल्या वर्षानंतर वाढीचा वेग मंदावतो, भूकही कमी होते. ‘कालपर्यंत नीट जेवायची’ ही तक्रार पुष्कळदा तिथूनच येते.

सुटका करायची तर एकाच जेवणापासून सुरुवात करा. काय वाढायचं, कधी आणि कुठे, हे आपण ठरवायचं. किती खायचं, हे मुलाने. छोट्या ताटलीत दोन-तीन घासांचा वरणभात वाढा, खाली कागद पसरा, हाताने खाऊ द्या, आणि आपणही त्याच वेळी जेवायला बसा. वीसेक मिनिटांनी ताटली न रागावता उचला. आमच्याकडे पहिले तीन दिवस फार रडारड झाली. चौथ्या दिवशी तिने स्वतःहून एक घास चिऊचा म्हणून मला भरवला. नवी भाजी एकदा थुंकली म्हणून नावडती ठरवू नका. दहा वेळा ताटात दिसल्यावर कुठे ती ओळखीची होते.

आपल्या हातातला मोबाइल हा याच चुकीचा दुसरा भाग. १९७० च्या दशकात एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञाने काही महिन्यांच्या बाळांवर एक प्रयोग केला. आई बाळाशी हसतखेळत बोलते, मग दोनेक मिनिटं चेहरा निर्विकार ठेवते. बाळ हसून, आवाज काढून, हात पुढे करून तिला परत बोलावायचा प्रयत्न करतं आणि शेवटी कोमेजतं किंवा रडतं. मोबाइलमध्ये बुडालेला आपला चेहरा मुलांना तसाच दिसत असणार असं मला वाटतं. म्हणून घरात शिरल्यावर माझा फोन चपलांच्या कपाटावर असतो, रिंग चालू ठेवून. कुणाला खरंच काम असलं तर वाजतो.

रडणं म्हणजे हट्ट, असं धरून चालणं

हट्ट म्हणण्याआधी तीन गोष्टी बघा: दुपारची झोप झाली का, चारनंतर काही पोटात गेलं का, आणि आपण काहीतरी अचानक थांबवलं का. एक-दोन वर्षांच्या मुलांना दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास झोप लागते. दुपारची झोप हुकली असेल तर त्या दिवशी जेवण साडेसातलाच उरका आणि लवकर झोपवा. तेव्हा समजावण्याचा काही उपयोग नसतो.

बागेतून निघताना ‘पाच मिनिटांत जायचं’ म्हणून भागत नाही. या वयाला मिनिटं कळत नाहीत. ‘अजून तीनदा घसरगुंडी, मग घरी’ हे कळतं. मोजायचंही तिनेच. तरीही ती आडवी पडलीच, तर शेजारी बसा. ‘तुला अजून खेळायचं होतं’ एवढंच म्हणा आणि थांबा. मारायला लागली तर हात हळूच धरा. लोक बघतात, बघू द्या.

सतत परीक्षा घेणं

‘हा कुठला रंग? काऊ कसा ओरडतो? आजीला म्हणून दाखव!’ पाहुण्यांसमोर तर हे फारच होतं. त्यापेक्षा दिवसातून एकदा गप्प राहून मूल काय बघतंय ते बघा. जिन्यातल्या मुंग्यांची रांग आम्ही दोघींनी एकदा कितीतरी वेळ पाहिली. फोटो काढला नाही, आणि ती रांग मला अजून लख्ख दिसते.

मन रमत नाही म्हणून स्वतःला दोष देणं

तीच गोष्ट सोळाव्यांदा सांगताना कंटाळा येणारच. दहा मिनिटं मनापासून द्या, मग नवऱ्याला, आजीला, आजोबांना पुढे होऊ द्या. त्यांची पद्धत वेगळी असली तरी मध्ये बोलू नका. पण सलग दोन-तीन आठवडे कशातच आनंद वाटत नसेल, मूल झोपलं तरी झोप येत नसेल, सारखं रडू येत असेल, तर तो थकवा म्हणून अंगावर काढू नका. घरात सांगा, डॉक्टरांना सांगा. टेलिमानस या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं, आणि मूल झोपल्यावर रात्री उशिराही तो फोन उचलला जातो.