किडनीवरची गाठ काढायची, पण किडनी राखायची

इंदूरला पॅथॉलॉजी लॅबमध्येच नोकरी झाली. म्हणून राजेंद्रनगरात कुणाच्या सोनोग्राफीत किडनीवर गाठ निघाली की फाइल आधी माझ्याकडे येते. मी डॉक्टर नाही, पण सर्जनकडे जाण्याआधी काय बघायचं ते सांगतो.

आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने गाळून बाहेर टाकायचा रक्तातला कचरा. रिपोर्टात लाल खूण नाही म्हणून खूश होऊ नका. १.१ हा आकडा तिशीतल्या पुरुषाचा असेल तर ईजीएफआर (किडन्या मिनिटाला किती गाळतात त्याचा अंदाज) नव्वदच्या आसपास निघतो. तोच सत्तरीच्या बाईंचा असेल तर ५४ च्या आसपास. म्हणजे त्यांच्या किडन्या आधीच थकलेल्या आहेत, त्यातली एक अख्खी काढली तर पुढे काय? तेव्हा ईजीएफआर मागून घ्या, लघवीतलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिनही तपासा. मधुमेह-बीपीवाल्यांनी तर नक्कीच. दुसऱ्या किडनीबद्दल शंका असेल तर डीटीपीए स्कॅनने कोणती किती काम करते ते कळतं.

मग सर्जनना सरळ विचारा, ‘फक्त गाठ काढता येईल का?’ ४ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीला सहसा हाच पहिला पर्याय असतो, जागा सोयीची असेल तर ७ पर्यंतही जमतं. गाठ मधोमध, मोठ्या रक्तवाहिन्यांना चिकटून असेल आणि ते पूर्ण किडनी काढावी लागेल म्हणाले, तर कारण समजून घ्या, हवं तर दुसरं मत घ्या, पण हट्ट धरू नका. अशी गाठ कॅन्सरची असू शकते, आणि आधी तो पूर्ण काढला जायला हवा. फार वय झालेल्यांच्या लहान गाठीवर कधी कधी नुसती नजर ठेवतात, तेही विचारा.

क्लॅम्पचंही विचारा. गाठ कापताना रक्तस्राव होऊ नये म्हणून किडनीची धमनी क्लॅम्पने, म्हणजे चिमट्याने, दाबून धरतात. तेवढा वेळ किडनी रक्तावाचून राहते, म्हणून साधारण २५ मिनिटांच्या आत उरकायचा प्रयत्न असतो. जास्त लागणार असेल तर किडनीभोवती बर्फ भरतात. काही वेळा फक्त गाठीकडे जाणारी फांदी दाबतात. मात्र घड्याळाइतकंच, किंबहुना जास्त, महत्त्व आहे किती निरोगी भाग शिल्लक राहिला याला. माझं मत विचाराल तर रोबोटिक सर्जरीच्या जाहिरातीपेक्षा ‘तुम्ही अशी ऑपरेशनं किती करता?’ हा प्रश्न कामाचा.

घरचं तुमच्या हातात. गुडघ्यांसाठी चाललेलं डायक्लोफेनॅक डॉक्टरांना सांगा आणि त्यांना विचारल्याशिवाय कुठलीही पेनकिलर घेऊ नका. काढे, भस्मं बंद. सीटी स्कॅनच्या आधी मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी चालू असल्याचं सांगा. बीपी आटोक्यात ठेवा. आणि हो, मीठ कमी, म्हणजे पोह्यांवरची मूठभर शेवही आता चिमूटभरच!

ऑपरेशननंतर पहिले काही दिवस क्रिएटिनिन चढतं, लगेच घाबरू नका. पुढच्या तपासण्या शक्यतो एकाच लॅबमध्ये करा, आणि रिपोर्ट तारीखवार लावा, सगळ्यात जुना खाली.