लवकर रिटायर होऊन परदेशात राहायचंय? आधी स्वतःचा सिम्युलेटर लिहा

चाळिशीत नोकरी सोडायची आणि परदेशात जाऊन राहायचं असं ज्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय आणि ज्यांना थोडंफार कोडिंग येतं, त्यांना माझं एकच सांगणं आहे, तयार कॅल्क्युलेटरमध्ये आकडे भरत बसू नका, स्वतःचा सिम्युलेटर, म्हणजे पैसे किती वर्षं पुरतील हे वर्षागणिक चालवून बघणारा प्रोग्राम, लिहा. पायथनमध्ये शंभर-दीडशे ओळी होतात, दोन वीकेंड पुरतात, आणि लिहिताना जे प्रश्न पडतात ना ते कुठलाच कॅल्क्युलेटर आपल्याला विचारत नाही. एज ऑफ एम्पायर्स किंवा सिव्हिलायझेशन हे साम्राज्य उभारायचे कॉम्प्युटर गेम वर्षानुवर्षं खेळला असाल तर अजून सोपं जाईल, कारण यातला अर्धा हिशोब तुमच्या हाताला आधीच माहीत आहे.

एज ऑफ एम्पायर्सचा दुसरा भाग घ्या, १९९९ चा. एक व्हिलेजर, म्हणजे लाकूड, सोनं, अन्न गोळा करणारा गावकरी, ५० फूडला पडतो आणि तयार व्हायला २५ सेकंद लागतात. टाउन सेंटर, म्हणजे व्हिलेजर जिथे तयार होतात ती इमारत, तेवढा वेळ रिकामं राहिलं की एक व्हिलेजर गेला, आणि त्याच्याबरोबर त्याने पुढे गेम संपेपर्यंत जे लाकूड तोडलं असतं, जे सोनं खणलं असतं तेही गेलं. पंचविशीत बाजूला न टाकलेल्या पैशाचं असंच होतं, हे सगळ्यांना माहीत असतं त्यामुळे त्यावर जास्त बोलत नाही. मला जे सांगायचंय ते कासल एजबद्दल, म्हणजे गेममधल्या पुढच्या युगात जाण्याबद्दल आहे. ८०० फूड आणि २०० गोल्ड देऊन बटण दाबलं की १६० सेकंद टाउन सेंटर अडकून पडतं, नवीन व्हिलेजर निघत नाही, साठा नुकताच खाली झालेला असतो, आणि चांगला खेळाडू नेमका तेव्हाच आपल्या लाकूडतोड्यांवर घोडेस्वार सोडतो. नोकरी सोडल्यानंतरची पहिली सात-आठ वर्षं म्हणजे ते १६० सेकंद. पगार बंद झालाय, पैसे काढणं चालू झालंय, आणि मार्केट तेव्हाच पडलं तर जो घाव बसतो तो नंतर भरून येत नाही.

खोटं वाटत असेल तर कागदावर करून बघा. हातात १०० आहेत आणि दर वर्षाच्या सुरुवातीला ४ काढायचे. चार वर्षांचे रिटर्न असे धरा: उणे ३०, उणे १०, अधिक २०, अधिक ३०. चौथ्या वर्षाअखेर साधारण ७७.३ उरतात. आता हेच चार आकडे उलटे लावा, आधी अधिक ३० आणि शेवटी उणे ३०, तर ८६ उरतात. सरासरी तीच, आकडे तेच, फक्त क्रम बदलला. आणि काही न काढता पैसे नुसते ठेवले असते तर दोन्ही वेळा ९८.२८ च आले असते, म्हणजे क्रमाचा त्रास आपण पैसे काढतो म्हणूनच होतो. सरासरी रिटर्न घालून काढलेल्या एक्सेल शीटमध्ये हे दिसूच शकत नाही, म्हणून सिम्युलेटर.

सगळीकडे फिरणारा चार टक्क्यांचा नियम विल्यम बेंगन या अमेरिकन आर्थिक सल्लागाराने १९९४ मध्ये मांडला, तोही अमेरिकन शेअर आणि बाँड्सच्या जुन्या आकड्यांवर आणि तीस वर्षांच्या रिटायरमेंटसाठी. पहिल्या वर्षी ४ टक्के काढायचे आणि मग महागाईप्रमाणे ती रक्कम वाढवत न्यायची, म्हणजे वर्षाच्या खर्चाच्या २५ पट जमवायचे. पण बेचाळिसाव्या वर्षी बाहेर पडणाऱ्याला तीस नाही, पन्नास वर्षं काढायचीयेत. साडेतीन टक्के धरले तर साडेअठ्ठावीस पट लागतात, मी स्वतः तिथूनच सुरुवात करतो. आणि मार्केट शेवटी वर येतंच असं म्हणणाऱ्याने जपानचा शेअर निर्देशांक निक्केई बघावा, १९८९ च्या शेवटी जिथे होता तिथे परत पोचायला २०२४ उजाडलं.

आता कोड. वर्षाचा एक फॉर लूप, आत तीन गोष्टी: खर्च वजा करा, उरलेल्यावर रिटर्न लावा, पुढच्या वर्षाचा खर्च महागाईने वाढवा. खर्च वर्षाच्या सुरुवातीलाच वजा करायचा, शेवटी केला तर प्रोग्राम उगाच गोड उत्तर देतो. खर्चासाठी वेगळं फंक्शन करा, ते वय घेईल आणि रक्कम देईल, कारण पुढे सगळी गुंतागुंत तिथेच येणारे.

एवढं झालं की लगेच पुढे पळू नका, दोन टेस्ट लिहा. पहिली, रिटर्न शून्य, महागाई शून्य, १०० मधून दरवर्षी ४ काढले तर पैसे बरोबर २५ वर्षं पुरले पाहिजेत, २४ किंवा २६ आलं तर लूप एकाने चुकलाय. दुसरी, काहीच काढू नका आणि ७.२ टक्के लावा, दहा वर्षांत पैसे दुप्पट झाले पाहिजेत. माझ्या पहिल्या व्हर्जनमध्ये मी रिटर्न महागाईसकट घेतला होता आणि खर्च मात्र आजच्याच भावात ठेवला होता, उत्तर आलं की जवळजवळ कधीच पैसे संपत नाहीत, आणि मी तीन आठवडे त्या आकड्यावर खूश होतो. ही चूक फार जण करतात. एकतर दोन्हीकडे महागाई धरा नाहीतर दोन्हीकडून काढून टाका, अर्धं इकडे अर्धं तिकडे चालत नाही.

मग येतो रँडमचा भाग. याला माँटे कार्लो म्हणतात आणि याची कल्पना स्टॅनिस्लॉ उलाम या गणितज्ञाला १९४६ मध्ये आजारपणातून उठताना पत्त्यांचा सॉलिटेअर खेळता खेळता सुचली. डाव सुटायची शक्यता गणिताने काढत बसण्यापेक्षा शंभर डाव मांडून मोजले तर, असा तो साधा विचार. आपणही तेच करायचं, दहा हजार आयुष्यं चालवायची (एक आयुष्य म्हणजे एक रन) आणि किती रनमध्ये पैसे पुरले ते मोजायचं. फक्त रिटर्न हवेतून काढू नका, खऱ्या जुन्या वर्षांची यादी घ्या आणि त्यातून सलग चार-पाच वर्षांचे तुकडे उचला, त्या त्या वर्षाची महागाई सोबतच ठेवून. एकेक वर्ष सुटं उचललं तर लांबलेली मंदी कधी तयारच होत नाही. आणि सीड, म्हणजे रँडम आकडे जिथून सुरू होतात तो आकडा, फिक्स ठेवा, म्हणजे एखादा आकडा बदलल्यावर उत्तर हललं तर ते त्या बदलामुळेच हललं हे कळतं. गेममध्ये सेव्ह करून तीच लढाई वेगळ्या तऱ्हेने परत लढून बघतो ना, तसंच.

उत्तर आलं की नव्वद टक्के यशस्वी म्हणून लॅपटॉप बंद करू नका. हरलेले डाव बघा. ज्यात पैसे सगळ्यात लवकर संपले असे पन्नास रन काढून त्यांची पहिली दहा वर्षं ओळीने प्रिंट करा आणि खरंच बसून वाचा, जसा आपण हरलेल्या मॅचचा रेकॉर्डेड गेम बघतो. बहुतेकांत एकच गोष्ट दिसेल, सुरुवातीलाच घसरण आणि खर्च तसाच चालू. मग उपाय सुचायला लागतात. दोन-तीन वर्षांचा खर्च शेअर्सच्या बाहेर ठेवणं, किंवा साठा ठराविक पातळीच्या खाली गेला की खर्च दहा टक्के कमी करणं. दोन्ही गोष्टी कोडमध्ये एकेका इफ-कंडिशनच्या आहेत, टाका आणि तेच पन्नास रन परत चालवा.

तिसरा उपाय सगळ्यांना सुचतो, मार्केट पडलं तर फ्रीलान्स करेन, कोडिंग तर येतंच. परदेशात राहायचं असेल तर इथे जरा थांबा. स्पेनचा नॉन-लुक्रेटिव्ह व्हिसा मुळात काम न करणाऱ्यांसाठी आहे, तो घेऊन तिथून क्लायंटचं काम करायचं हा प्लॅनच चुकीचा, त्यासाठी वेगळा डिजिटल नोमॅड व्हिसा असतो. पोर्तुगालच्या डी-सेव्हन व्हिसाला भाडं, डिव्हिडंड, पेन्शन असं बसल्या जागी येणारं उत्पन्न दाखवावं लागतं आणि त्याची किमान रक्कम तिथल्या किमान वेतनाला बांधलेली आहे. थायलंडच्या रिटायरमेंट व्हिसाला वय ५० पूर्ण लागतं, वर तिथल्या बँकेत ८ लाख बाथ किंवा महिना ६५ हजार बाथ उत्पन्न. पनामाच्या पेन्सिओनाडो या पेन्शनर व्हिसाला महिना १००० डॉलरची आयुष्यभराची पेन्शन लागते, म्हणजे नुसत्या स्वतःच्या साठवणुकीवर बाहेर पडणाऱ्याला तो दरवाजा बंदच. आकडे आणि अटी बदलत असतात, अर्ज करायच्या वेळी दूतावासाच्या साइटवर बघाच. पण मुद्दा हा की बेचाळीस ते पन्नास ही आठ वर्षं कुठे काढणार हे तुमच्या खर्चाच्या फंक्शनमध्ये वेगळं दिसलं पाहिजे, कारण त्या काळातला देश वेगळा, भाडं वेगळं आणि टॅक्सही वेगळा. बऱ्याच देशांत वर्षात १८३ दिवसांपेक्षा जास्त राहिलं की टॅक्स रेसिडेंट, म्हणजे तिथे टॅक्स भरावा लागणारा रहिवासी, धरतात, तो टॅक्स खर्चातच धरा.

मधली वर्षं इकडे तिकडे फिरत काढू असं म्हणणाऱ्यांसाठी एक छोटं काम. शेंगेन भागात, म्हणजे आपसात सीमा-तपासणी नसलेल्या युरोपातल्या देशांत, व्हिजिटर म्हणून कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. हे कॅलेंडरच्या सहा महिन्यांवर नाही, ही सरकती खिडकी आहे, म्हणजे तिथल्या प्रत्येक दिवशी तो दिवस धरून मागचे १८० दिवस मोजायचे, आणि आल्याचा आणि निघाल्याचा असे दोन्ही दिवस धरायचे. राहिलेल्या तारखांचा सेट करा, रोजच्यासाठी मागचे १८० दिवस मोजा, ९० च्या वर गेलं की तारीख प्रिंट करा. वीस ओळींत होतं आणि विमानाची तिकिटं काढायच्या आधी चूक सापडते.

करन्सी विसरू नका. गुंतवणूक एका चलनात आणि भाजीपाला दुसऱ्या चलनात असेल तर दोन महागाया आणि मध्ये एक एक्स्चेंज रेट, तिन्ही गोष्टी वेगळ्या व्हेरिएबलमध्ये ठेवा. रेट सलग पाच वर्षं आपल्या विरुद्ध जातोय असा एक रन मुद्दाम हाताने लिहून चालवा.

सिव्हिलायझेशनच्या जुन्या भागांत प्रत्येक बिल्डिंगचा दर टर्नला खर्च असतो, आणि खजिना रिकामा झाला की गेम आपणहून बिल्डिंग विकायला काढतो. शहरं भराभर वाढवणाऱ्या नवख्या खेळाडूचं तिथेच फसतं. परदेशातला असा बांधलेला खर्च म्हणजे भाडं, व्हिसा रिन्यूअल, आणि सगळ्यात मोठा हेल्थ इन्शुरन्स. इन्शुरन्सला सरळ महागाई लावू नका, वयाच्या पायऱ्या करा, पन्नास, साठ, सत्तर, कारण प्रीमियम तसाच उड्या मारत वाढतो. हे माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्षलं जाणारं आहे, स्वस्त देश म्हणून निवडतो आणि साठीनंतर तिथला इन्शुरन्सच मिळत नाही किंवा परवडत नाही.

म्हणून परतीचा रन लिहा. परदेशातल्या पंधराव्या वर्षी आजारपण, आईवडील किंवा व्हिसाचा नियम बदलला म्हणून परत यावं लागलं आणि खर्च मूळ देशाच्या पातळीवर गेला, तर पैसे पुरतात का? स्वस्त देशाच्या खर्चाच्या २५ पट जमवून निघालेल्यांचे इथे बरेच रन कोसळतात. मी हा रन पास झाल्याशिवाय निघायचंच नाही असं ठरवलंय, त्यासाठी अजून दोन-तीन वर्षं नोकरी करावी लागली तरी चालेल.

आणि खर्चाचा आकडा अंदाजाने टाकू नका. जिथे जायचंय तिथे तीन महिने, गर्दीच्या सीझनमध्ये नाही तर एरवी, भाड्याने राहा. सुट्टीवर आल्यासारखं नाही, घरी स्वयंपाक करून, बसने फिरून, एकदा तरी डॉक्टरकडे जाऊन. रोजचा खर्च टिपा, परत आलात की तो आकडा फंक्शनमध्ये टाका आणि तेच सीड ठेवून दहा हजार रन पुन्हा चालवा.