क्रूझच्या जहाजावर पोरांना किती मोकळं सोडायचं: निघण्याआधीची तयारी

तिकिटं, आधार कार्डं, परदेशी फेरी असेल तर पासपोर्ट. हे कुणी विसरत नाही, त्यामुळं पुढं जाऊ. विसरतं ते घड्याळ. साधं मनगटी घड्याळ, प्रत्येक पोराला एक आणि प्रत्येक मोठ्या माणसाला एक. मागच्या खेपेला आमच्याकडून हेच राहिलं आणि पोरांना द्यायची ठरवलेली सगळी मोकळीक पहिल्याच संध्याकाळी गुंडाळून ठेवावी लागली. म्हणून ते यादीत पहिलं आहे, आणि पुढंही मधेमधे येणार आहे. कंटाळा आला तरी वाचा.

बेळगावात पोरगं कुठं आहे हे आपण फोनवर विचारतो. "कुठं हाय रे?" "हितंच हाय की." हा संवाद समुद्रावर होत नाही. किनारा मागं पडला की टॉवर जातो. मग फोन जहाजाचं स्वतःचं नेटवर्क पकडतो आणि त्याचं रोमिंग बिल घरी आल्यावर दिसतं, म्हणून चढल्याचढल्या सगळे फोन फ्लाइट मोडवर. जहाजाचं वायफाय बहुधा विकत असतं आणि सगळ्या डेकांवर सारखं चालत नाही. वॉकीटॉकी न्यावी असं कुणीतरी सुचवेलच. नेऊ नका. मधे पोलादाचे मजले असतात, दोन डेक खाली गेलं की नुसती खरखर ऐकू येते, आणि पुष्कळ कंपन्या ती चढवूच देत नाहीत. बॅगेत टाकायचा ट्रॅकर आसपासच्या फोनांच्या जिवावर चालतो, म्हणजे तोही गेला. उरतं काय? ठरलेली जागा आणि ठरलेली वेळ. जागा पोराच्या डोक्यात राहते, वेळ मनगटावर लागते. घड्याळ.

ते कसलं घ्यायचं तेही सांगतो, कारण चुकीचं घेतलं तर न घेतल्यासारखंच. स्मार्टवॉच नको, रोज रात्री चार्जिंग लागतं आणि केबिनमधले एकदोन प्लग मोठ्यांच्या फोनांना पुरत नाहीत. आकडे दाखवणारं, दर तासाला टीक करणारं, गजर लावता येणारं घ्या. मागं ३० मीटर लिहिलं असेल तर ते फक्त शिंतोडे सोसतं, त्यानं पोहायचं नाही. पोहण्यासाठी किमान ५० मीटर, १०० असेल तर उत्तम. कपाटातलं जुनं काढणार असाल तर निघण्याआधी आठवडाभर खडेबाजारात घड्याळजीकडून सेल बदलून घ्या आणि पट्ट्याची पिन बघून घ्या. पाण्यात पिनच निसटते. काट्यांचं घेतलंत तर पोराला ते वाचता येतं का, हे आधी तपासा. पाचवीतली कितीतरी पोरं 'पावणेसहा' म्हटल्यावर आपल्या तोंडाकडं बघत बसतात.

आणि मोठ्यांनीही बांधायचं. फोनमध्ये वेळ बघायची सवय असलेला बाप फोन केबिनमध्ये चार्जिंगला लावतो, वर डेकवर गप्पा मारत बसतो आणि साडेसहाला भेटायचं ठरलेलं पोरगं जिन्यापाशी एकटं उभं राहतं. पुढच्या वेळी ते पोरगंही वेळ पाळत नाही.

आता बुकिंग. सीमाभागातून जाताना एकटं कुटुंब सहसा जात नाही. दोन भाऊ, एक मेहुणा, आज्जी, निपाणीची मावशी असा बारा-पंधरा जणांचा जथा असतो. केबिन एकाच बोळात मागून घ्या, आणि शेजारच्या केबिनमध्ये आतून दार आहे की नुसत्या लागून आहेत, हे विचारा. 'लागून' म्हणजे आतून दार नव्हे. दहा वर्षांखालचं पोर असेल तर बाल्कनीची केबिन घेऊ नका असंच माझं मत. घेतलीच तर खुर्च्या-टेबल कठड्यापासून लांब सरकवा किंवा आत घ्या, आणि दाराची वरची कडी कायम लावलेली. पोरं कठड्याच्या फटीतून पडत नाहीत, खुर्चीवर चढून वाकतात.

जथ्यात आणखी एक घोळ असतो. सगळे बघताहेत म्हणजे कुणीच बघत नाही. आईला वाटतं आत्याकडं आहे, आत्याला वाटतं वर आजोबांजवळ. म्हणून एका वेळी एकच माणूस, नावानिशी. सकाळी नाश्त्याला कागदावर लिहा: दहा ते बारा काका, बारा ते दोन मावशी. पाळी संपली की पुढच्याला तोंडानं सांगायचं, "चारही पोरं तुझ्याकडं". आणि हो, पाळी बदलते ती घड्याळावर.

सराव घरीच करा, पंधरा दिवस आधीपासून. फोन न देता, घड्याळ बांधून पोराला शेजारच्या दुकानात पाठवा, वीस मिनिटांत परत. मग पाऊण तास. मग सुट्टीच्या दिवशी किल्ला तलावाच्या बागेत दोघांना सोडा, तुम्ही बाकावर बसा, अर्ध्या तासानं फाटकापाशी भेटायचं. हाक मारायची नाही, शोधायला जायचं नाही. जे पोर इथं तीनदा वेळेवर आलं त्याला जहाजावर तेवढाच वेळ द्या, जे आलं नाही त्याला देऊ नका. पोहायला येतं असं म्हणणाऱ्यालाही गोवावेसच्या तलावावर नेऊन बघा. विहिरीत डबा बांधून पोहणं वेगळं.

भाषेचीही तयारी लागते. घरी मराठी, शाळेत मराठी नाहीतर कन्नड, आणि जहाजावरची घोषणा इंग्रजीत, फार तर हिंदीत. आपला केबिन नंबर पोराला एकेक आकडा सुटा म्हणत इंग्रजीत सांगता यायला हवा: सेव्हन, टू, वन, फोर. 'सात हजार दोनशे चौदा' कुठल्या तरी परदेशी स्टुअर्डला (केबिन सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याला) कळणार नाही. 'आय ॲम लॉस्ट, प्लीज कॉल माय केबिन' एवढं वाक्य पाठ. छातीवर नावाची पट्टी आणि गणवेश असलेल्या माणसालाच विचारायचं, हेही.

वयाचं गणित साधारण असं ठेवा. पाच वर्षांपर्यंत हाताच्या अंतरावर, कुठंही, कायम. सहा ते आठ: एकटं कुठंच नाही. पोरांच्या क्लबमध्ये सोडलं तर सही करून सोडायचं, सही करून आणायचं, आणणाऱ्याचं नाव आधी लिहून द्यायचं. क्लबांचे गट साधारण तीन ते पाच, सहा ते आठ, नऊ ते अकरा असे असतात, लंगोट लागणाऱ्याला घेत नाहीत. नऊ ते अकरा: भावंडासोबत जोडीनं, आणि फक्त आखून दिलेली वाट, म्हणजे केबिन ते जेवणाचा हॉल, हॉल ते क्लब. या वयाला काही कंपन्या पोराला स्वतः सही करून क्लबमधून बाहेर पडू देतात, पण आईबापांनी अर्जात होकार दिला असेल तरच. तो चौकोन न वाचता टिक करू नका. मुंबईच्या मानानं आपली पोरं गल्लीत मोकळी वाढलेली, हे खरं आहे, पण गल्लीत प्रत्येक दारात ओळखीचं माणूस असतं. बारा ते चौदा: जोडीनं, नावानिशी ठरवलेले तीन डेक, दर दीड तासाला तोंड दाखवायचं. पंधराच्या पुढं रात्री साडेदहापर्यंत, बाकी तुमचं तुम्ही ठरवा. वय काहीही असो, तीन गोष्टी बंद: दुसऱ्याच्या केबिनमध्ये जाणं (मैत्रीण कितीही चांगली असो, दार बंद झालं की बघणारं कुणी नाही), 'फक्त कर्मचारी' लिहिलेलं दार, आणि मोठं माणूस काठावर नसताना पोहण्याचा हौद.

हौदाबद्दल जरा थांबतो. सगळ्याच जहाजांवर जीवरक्षक नसतो, फलक लावून मोकळे होतात. जहाज डुललं की हौदातलं पाणी एका टोकाकडं चढतं, छातीएवढ्या पाण्यात उभं असलेलं पोर क्षणात नाकापर्यंत जातं. आणि बुडणारं पोर ओरडत नाही, गप्पच जातं. काठावर बसायचं म्हणजे बसायचं, मोबाइलवरचे डाउनलोड केलेले सिनेमे नंतर.

कार्ड: प्रत्येक पोराला स्वतःचं मिळतं, तेच केबिनची किल्ली आणि तेच उधारीचं खातं. पहिल्याच दिवशी काउंटरवर जाऊन पोरांच्या कार्डावरची खरेदी बंद करून घ्या. गळ्यातली दोरी ओढल्यावर सुटणारी हवी, घसरगुंडीवर अडकते. कार्डावर केबिन नंबर छापलेला नसेल तर तुम्हीही लिहू नका, हरवलं की सापडणाऱ्याला घर दाखवल्यासारखं.

सोबत दोनचार लोहचुंबक घ्या. केबिनचं दार आणि भिंती पोलादाच्या असतात, चिकटतात. बोळ इकडून तिकडून सारखा, दारं सारखी, गालिचा सारखा. (काही जहाजांवर गालिच्यातले मासे जहाजाच्या पुढच्या टोकाकडं तोंड करून असतात, ते पोराला दाखवा, मोठ्यांच्या आधी त्याला दिशा कळेल.) दारावर बाहेरून गणपतीचा नाहीतर क्रिकेटच्या बॅटचा चुंबक लावला की आपलं दार सापडतं. आतून एक वही टांगा: कोण, कुठं, किती वाजता गेलं, किती वाजता येणार. वेळ लिहायची म्हणजे परत तेच. घड्याळ नसेल तर वहीत 'आत्ता गेलो' लिहून ठेवतात.

चढण्याच्या दिवशी मोकळीक शून्य. बेळगावहून रात्रीच्या बसनं मुंबईला पोचलेली पोरं अर्धी झोपेत असतात. गोव्याहून चढणार असाल आणि चोर्ल्याच्या वळणांवर एखाद्याला ओकारी झाली असेल तर त्याला समुद्रही लागण्याची शक्यता जास्त. गोळी डॉक्टरांना विचारूनच, आणि गोळी घेतलेलं पोर पेंगतं, त्या दिवशी त्याला हौद आणि एकटं फिरणं दोन्ही बंद.

सुरक्षेची कवायत, म्हणजे धोक्याच्या वेळी कुठं जमायचं त्याचा सराव, टाळायची नाही. इटलीजवळ १३ जानेवारी २०१२ ला कोस्टा कॉनकॉर्डिया खडकावर आपटलं तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. तेव्हाच्या नियमानं चढल्यापासून चोवीस तासांत केली तरी चालायची. २०१५ पासून जहाज निघण्याआधी किंवा निघताच घ्यावी लागते. सात छोटे आणि एक लांब भोंगा म्हणजे जमायचं, लिफ्ट वापरायची नाही. जमायच्या जागेचं अक्षर पोराकडून पाठ करून घ्या आणि तिथपर्यंत जिन्यानं चालत एकदा जाऊन या. केबिनमधलं लाइफ जॅकेट मोठ्याचं असतं. पंधरा ते त्रेचाळीस किलोचं पोर असेल तर लहान मुलांचं, पंधराच्या आतलं असेल तर तान्ह्यांचं, स्टुअर्डकडून त्याच संध्याकाळी मागून घ्या आणि बांधून बघा. क्लबवाल्यांना एकच प्रश्न: भोंगा वाजला तर पोरं तुम्ही आणणार की आम्ही न्यायला यायचं? उत्तर जहाजागणिक वेगळं असतं. ते माहीत नसेल तर एका जिन्यानं तुम्ही वर जाणार आणि दुसऱ्या जिन्यानं पोर खाली येणार.

कवायत झाली की तिथंच सगळ्यांची घड्याळं जहाजाच्या वेळेला लावा. सगळ्यांची, एकाच मिनिटाला.

मुंबई-गोवा-लक्षद्वीपला वेळ बदलत नाही. सिंगापूरहून निघणाऱ्या फेरीला मात्र बदलते. सिंगापूर आपल्यापुढं अडीच तास, थायलंड दीड. जहाज सिंगापूरच्या वेळेवर राहिलं आणि फुकेतला फोननं आपोआप थायलंडची वेळ घेतली, तर फोनमध्ये चार वाजलेले असतात तेव्हा जहाजावर पाच. पोर म्हणतं अजून तास आहे की, आणि जहाज थांबत नाही. बंदरावर उतरताना फोन खिशात, डोळे मनगटावर.

रोजचं थोडक्यात. बाहेरच्या डेकची दारं जड, वाऱ्यानं आपटतात, चौकटीत बोट ठेवायचं नाही. जेवणाआधी साबणानं हात, उलट्या-जुलाबाच्या नोरोव्हायरसला सॅनिटायझर फारसा पुरत नाही. केबिनचा फोन जहाजातल्या जहाजात फुकट, नंबर फिरवायला शिकवा. बारच्या कोपऱ्यात पोरं नकोत. बंदरावर कुणीही एकटं उतरणार नाही, सोळाचा असला तरी.

शेवटच्या रात्री बॅगा दारात ठेवायच्या असतात, त्या थेट धक्क्यावर मिळतात. सकाळचे कपडे, औषधं, कार्डं बाहेर काढून ठेवा. घड्याळंही. पोरं आंघोळीला काढतात आणि ओल्या टॉवेलात गुंडाळून बॅगेत टाकतात.