जंताची गोळी देऊनही पोर रात्री खाजवतंच? या चुका टाळा

गड्डा, म्हणजे आमच्या सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा, उलगला, की माझ्या मेडिकलच्या काउंटरवर ठरलेलं वाक्य येतं. "काय ओ, ती जंताची गोळी द्या की एक." कुणाला, वय किती, आधी कधी दिली होती, असं विचारलं की पुढचं वाक्यही ठरलेलं. "मागच्या महिन्यात दिलती ओ. आजीनं वावडिंगाचं पाणी पण पाजलं. तरी रात्रभर खाजवतंय बघा."

खापर गड्ड्यातल्या भज्यांवर फुटतं, नाहीतर हुरड्याच्या शेतावर. पण हिशेब जुळत नाही. अंडं पोटात गेल्यावर सुतासारखा बारीक कृमी मोठा व्हायला साधारण महिना लागतो आणि गांडुळासारख्या मोठ्या जंताला दोन-तीन महिने. परवा खाल्लेल्या भज्याचे जंत आज पडत नाहीत. आज जे दिसतंय, ते बहुतेक वेळा तुमच्या घरातच फिरत होतं.

"जंत म्हणजे जंत, त्यात काय बघायचं?"

इथूनच चुकायला सुरुवात होते. मोठा जंत १५ ते ३५ सेंटिमीटर लांब असतो. त्याची मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते, पण ती अंडी मातीत दोन-तीन आठवडे राहिल्याशिवाय लागण करत नाहीत. म्हणून त्याचा मार्ग माती, न धुतलेली भाजी, मातीत खेळलेले हात असा आहे. अंकुशकृमी शौचात सहसा दिसतच नाही. तो अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त पितो. पोर खाजवत नाही, पांढरंफटक पडतं, माती खातं, आणि घरचे म्हणतात "जेवतच नाही ओ". पट्टकृमीचे शितासारखे चपटे पांढरे तुकडे शौचात दिसतात. आणि रात्री खाज सुटते ती सुतासारख्या कृमीने. त्याची मादी रात्री बाहेर येऊन गुदद्वाराभोवती अंडी घालते.

संशय असेल तर पहाटे, पोराला धुण्याआधी, त्या जागेवर साधी पारदर्शक चिकटपट्टी दाबून उचला आणि डॉक्टरांकडे न्या. सूक्ष्मदर्शकाखाली अंडी दिसतात. शौचाच्या तपासणीत हा कृमी बऱ्याचदा सापडत नाही. मग "रिपोर्ट तर चांगला आला" म्हणून घरचे निर्धास्त होतात.

"एकट्यालाच झालंय, त्यालाच द्या"

माझ्या धाकटीच्या वेळी मी स्वतः तीन महिने इथंच फसलो. दुकान औषधांचं, तरी. गोळी तिला एकटीला दिली, ती पंधरा दिवस शांत झोपली, आणि पुन्हा तेच. मग डॉक्टरांनी सरळ विचारलं, घरात माणसं किती? सहा. गोळी किती जणांनी घेतली? एकीनं.

या कृमीची अंडी अंथरुणावर, दाराच्या कडीवर, खेळण्यांवर दोन-तीन आठवडे जिवंत राहतात. पोर खाजवतं, अंडी नखात जातात, नख तोंडात जातं. शेजारी झोपणाऱ्या आजीलाही त्याच पांघरुणातून मिळतात, फक्त आजी कुणाला सांगत नाही. गोळी पोटातल्या जंतांना लागते, चादरीवरच्या अंड्यांना नाही. म्हणून डॉक्टर सगळ्या घराला एकाच दिवशी औषध देतात आणि दोन आठवड्यांनी पुन्हा एक डोस. हा दुसरा डोस चुकवणाऱ्यांची संख्या मी मोजायची सोडून दिली आहे. खाज थांबली की माणूस विसरतो. दिनदर्शिकेवर त्याच दिवशी खूण करा.

पुढची चूक अंथरुणाची. सकाळी उठल्यावर वाकळ दारात उभं राहून जोरात झटकायची आपली जुनी सवय. झटकलं की अंडी हवेत उडतात आणि श्वासाबरोबर नाका-तोंडात जातात. अंथरूण हळू गुंडाळा, गरम पाण्यात धुवा, कडक उन्हात वाळवा. आता कुणीही म्हणेल, नळाला पाणी काही दिवसांआड येतंय, रोज चादर कुठून धुवायची? खरं आहे. सोलापुरी चादर तर भिजली की दोघांना पिळावी लागते. आम्ही एक युक्ती केली. जाड चादरीवर जुन्या सुती धोतराचा तुकडा अंथरायचो आणि रोज तेवढाच धुवायचो. आतले कपडे रोज सकाळी बदलायचे. उठल्या उठल्या एक-दोन तांबे पाण्यानं, साबण लावून पोराचं खालचं अंग धुवायचं, कारण अंडी रात्रीच घातलेली असतात. संध्याकाळची अंघोळ इथं उपयोगाची नाही. आणि नखं अगदी मुळाशी कापायची. पंधरा दिवस हे पाळलं, दोन्ही डोस सगळ्यांनी घेतले, तेव्हा कुठं घर सुटलं.

आयुर्वेदातही कृमींच्या उपचाराचे तीन भाग सांगितले आहेत: कृमी बाहेर काढणं, त्यांना पोषक अशी स्थिती मोडणं, आणि ज्या कारणानं ते झाले ते टाळणं. आपण पहिल्यावरच थांबतो.

"आजीचा काढा आहे की"

वावडिंगाला मी नावं ठेवणार नाही. कृमींवरचं ते जुनं नाव आहे. ओवा-गूळ, कारलं, लसूण, भोपळ्याच्या बिया हेही घरोघरी देतात आणि जेवणात असले तर बिघडत काही नाही. पण "काढा चालू आहे" म्हणून महिनाभर थांबणं ही चूक. मिऱ्यासारखे दिसणारे गोल दाणे म्हणून वावडिंगाच्या नावानं दुसरीच फळंही विकली जातात, त्यामुळे ओळखीच्या काष्ठौषधीवाल्याकडूनच घ्या. गरोदर बाईनं वैद्यांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

पपईच्या बियांची गोष्ट थोडी वेगळी. २००७ मध्ये नायजेरियातल्या ६० मुलांवरच्या अभ्यासात वाळवलेल्या बिया मधातून दिल्यावर ३० पैकी २३ मुलांच्या शौचातले परजीवी गेले. नुसत्या मधावर ३० पैकी ५ मुलांचे. आशा वाटावी असा आकडा आहे, पण अभ्यास छोटा आहे आणि घरच्या चमच्याचं माप त्यातून निघत नाही. वर्षाखालच्या बाळाला तर मध कशातूनही देऊ नका.

डाळिंब आपल्या जिल्ह्याचं पीक, त्यामुळे सालीचा काढा इथं हमखास होतो. पण पट्टकृमीवर पूर्वी वापरत ती मुळाची आणि खोडाची साल, फळाची नव्हे. आणि त्या सालीतली द्रव्यं जास्त झाली तर चक्कर, उलटी, नजर धूसर होणं असे त्रास होतात. बागेत छाटणी झाली म्हणून साल उकळून पोराला पाजू नका.

आता ज्यावर मी काउंटरवर आवाज चढवतो ते. कडुलिंबाचं तेल. पाल्याच्या दोन कोवळ्या पानांची गोष्ट वेगळी, पण तेल लहान बाळाला पाजल्यानं उलट्या, झटके, बेशुद्धी आणि मृत्यूसुद्धा झाल्याच्या नोंदी आहेत. थेंबभरही नको.

जंतांवर एरंडेल पाजायची सवय कुठून आली, तेही सांगून टाकतो. पूर्वी किरमाणी ओव्यातून निघणारं सँटोनिन जंतांवर देत आणि त्यामागून जुलाब द्यावा लागे. औषध बदललं, सवय राहिली. आजच्या अल्बेंडाझोलला, म्हणजे नेहमीच्या जंताच्या गोळीला, जुलाबाची गरज नाही. उन्हाळ्यात चार वर्षांच्या पोराला एरंडेल देऊन पाणी कमी केलं, तर जंतांपेक्षा तेच महागात पडतं.

"शाळेत दिली असेल, घरी पण एक देऊ"

१० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला शाळा-अंगणवाडीत १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोल देतात. २०१५ पासून हा राष्ट्रीय जंतनाशक दिन आहे. ४०० मिलिग्रॅमची गोळी चावून खायची; एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी, चुरा करून पाण्यातून. आख्खी गोळी लहानग्याच्या घशात ढकलू नका, ठसका लागतो. वर्षाखाली नाही, गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत नाही, आणि पोर त्या दिवशी आजारी असेल तर बरं झाल्यावर. गोळीनंतर थोडी मळमळ, पोटदुखी झाली तर अनेकदा पोटात जंत जास्त असल्याचं ते लक्षण असतं. शाळेतल्या गोळीवर आठवड्यात दुकानातली चढवण्याआधी निदान पोराला विचारा.

किरकोळ समज दोन ओळीत. दात खाणं म्हणजे जंतच, असं नाही. गूळ-साखरेतून जंत होत नाहीत, अंड्यांतून होतात. भाजी मिठाच्या पाण्यात बुडवून ही अंडी मरत नाहीत. वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, नाहीतर शिजवा. साठवलेल्या पाण्यात क्लोरीनचे थेंब टाकले तरी मोठ्या जंताची अंडी तगतात, म्हणून शंका असेल तर पाणी उकळा. आणि कोबीतली हिरवी अळी मेंदूत जात नाही. मेंदूत गाठी करतात ती डुकराच्या पट्टकृमीची अंडी. ती माणसाच्या विष्ठेतून कुठल्याही कच्च्या भाजीवर येऊ शकतात.

पोट फुगलंय, हिरवट उलट्या होतायत, संडास बंद आहे, असं पोर माझ्या दुकानात आणू नका. मोठ्या जंतांच्या गुंत्यानं आतडं अडतं. अशा वेळी गोळी, काढा, एरंडेल काही न देता सिव्हिल गाठा. आणि कुणाला झटके येत असतील तर जंताची गोळी आपल्या मनानं कधीच घ्यायची नाही. मेंदूत गाठ असेल तर ती गोळीनं मरताना आजूबाजूला सूज येते आणि झटके वाढतात. आधी स्कॅन, मग डॉक्टर ठरवतील ते.