पीव्हीवायचा स्ट्रेन ठरवताना या चुका टाळा

बटाट्यात पोटॅटो व्हायरस वाय, म्हणजे पीव्हीवाय, आहे की नाही हे आरटी-पीसीआरने (विषाणूच्या आरएनएची डीएनए-प्रत करून ती वाढवणारी चाचणी) सहज कळतं. घोटाळा होतो तो स्ट्रेन, म्हणजे विषाणूचा उपप्रकार, ठरवताना. फक्त कोट प्रोटीनचा (विषाणूच्या आवरणातल्या प्रथिनाचा) जीन सिक्वेन्स करून, म्हणजे त्यातला अक्षरक्रम वाचून, वंशवृक्ष काढला, तर निकाल चुकण्याची शक्यता मोठी आहे.

या विषाणूचा आरएनए सुमारे 9,700 न्यूक्लिओटाइडांचा, म्हणजे अक्षरांचा. कोट प्रोटीनचा जीन त्यातला जेमतेम 800, तोही शेपटाकडचा. आणि हल्ली बहुतेक ठिकाणी सापडतात ते ओ आणि एन या दोन स्ट्रेनचे तुकडे जोडून झालेले रिकॉम्बिनंट, म्हणजे मिश्र विषाणू. त्यातल्या एन-विल्गाच्या सुरुवातीच्या साधारण 2,400 न्यूक्लिओटाइडांतला बहुतेक भाग एनचा, पुढचा सगळा ओचा. त्यामुळे कोट प्रोटीनवरून तो ओ वाटतो, इलायझातही (अँटिबॉडीने विषाणू ओळखणाऱ्या चाचणीत) ओच्याच अँटिबॉडीला लागतो. तंबाखूच्या रोपावर मात्र एनसारख्या शिरा करपवतो. बटाट्याच्या अनेक वाणांवर त्याची लक्षणं सौम्य असतात, म्हणून बियाण्याच्या प्लॉटमधली रोगट झाडं उपटतानाही तो नजरेतून सुटतो. कंदावर करपट कडी उमटवणाऱ्या एनटीएन या दुसऱ्या रिकॉम्बिनंटमध्ये ओ-एनचे तुकडे जुळतात ते सांधे 2,400, 5,800 आणि 9,200च्या आसपास येतात. तेव्हा निदान या सांध्यांवरून जाणारे तुकडे वाढवून पाहा. जमलं तर पूर्ण जीनोमच (विषाणूचा सगळा आरएनए) सिक्वेन्स करा. वंशवृक्षाआधी आरडीपीसारख्या, रिकॉम्बिनेशन शोधणाऱ्या सॉफ्टवेअरने सांधे तपासा आणि प्रत्येक भागाचा वृक्ष वेगळा काढा.

दहा झाडांची पानं एकत्र कुटून स्ट्रेन ठरवू नका. नमुन्यात ओ आणि एनटीएन दोन्ही असले, तर वेगवेगळे तुकडे जोडताना निसर्गात नसलेला 'नवा रिकॉम्बिनंट' कागदावर तयार होतो. पीसीआरमध्येही प्रत बनताना अर्धवट राहिलेला धागा दुसऱ्या स्ट्रेनच्या साच्यावर जाऊन चिकटतो आणि तसाच खोटा रिकॉम्बिनंट बनतो. म्हणून पीसीआरची चक्रं कमी ठेवा, एक्स्टेन्शनचा (धागा पूर्ण होण्याचा) वेळ वाढवा. क्रोमॅटोग्राममध्ये, म्हणजे सिक्वेन्सच्या आलेखात, एकाच जागी दोन शिखरं दिसली, तर मोठं शिखर घेऊन पुढे जाऊ नका. तुकडे जिवाणूंत क्लोन करून अनेक वसाहतींमधला सिक्वेन्स वेगवेगळा वाचा.

पीसीआरनंतर जेलवर बँडच (वाढलेल्या तुकड्याची पट्टी) आला नाही, तर लगेच 'विषाणू नाही' असं लिहू नका. बटाट्यातली पिष्टमय द्रव्यं आणि फेनॉल पीसीआरच्या एन्झाइमला अडवतात. काढलेल्या आरएनएचा गोळा जेलीसारखा चिकट किंवा तपकिरी दिसला, की ही द्रव्यं उरलीत असं समजा. शुद्धता दाखवणारं प्रकाश शोषणाचं 260/280 गुणोत्तर 2च्या जवळ असूनही 260/230 बरंच खाली असेल, तर आरएनए 2 मोलर लिथियम क्लोराइडने पुन्हा अवक्षेपित करा. सोबत 1:10 पातळ करून चालवा: पातळ नमुन्यात बँड आला, तर दोष अडथळ्याचा होता. प्रत्येक नमुन्याबरोबर बटाट्याच्या स्वतःच्या नॅड5 जीनचा कंट्रोल (चाचणी नीट चालली का हे दाखवणारा ताळा) हवाच. तोही आला नाही, तर निकाल निगेटिव्ह नव्हे, बाद.

नुकत्याच काढलेल्या कंदात विषाणू कमी आणि विखुरलेला असतो. सुप्तावस्था मोडून डोळे उगवू द्या आणि रोपाचं पान तपासा.

सिक्वेन्सच्या दोन्ही टोकांचा प्राइमरचा (पीसीआर सुरू करणाऱ्या कृत्रिम तुकड्याचा) भाग जुळवणीआधी कापा. तो विषाणूचा नसतो, तुम्ही मागवलेला असतो.