गॅरेजवर मजला चढवताय? या चुका टाळा

आई-बाबा सहा महिन्यांसाठी येणार म्हटलं की कॅलिफोर्नियातल्या आपल्या कित्येक घरांत मागच्या अंगणातल्या गॅरेजकडे नजर जाते. खाली हॉल-किचन, वर बेडरूम. कायदाही बराच अनुकूल झालाय. गॅरेजचं घर केल्यामुळे गेलेल्या पार्किंगच्या बदल्यात 2020 पासून दुसरी जागा दाखवावी लागत नाही आणि अर्ज पूर्ण असेल तर शहराने 60 दिवसांत निर्णय द्यायचा असतो. तरी पैसे वाया जातात, आणि बहुतेक वेळा पायापाशीच.

आमचंही तेच झालं. ड्रॉइंग तयार झाल्यावर गॅरेजचा कोपरा उकरला, तर फुटिंग, म्हणजे भिंतीखालचा काँक्रीटचा पाया, जेमतेम वीतभर खोल. वरच्या हलक्या छपराला ते पुरत होतं, मजल्याला पुरणार नव्हतं. सगळे कागद पुन्हा काढावे लागले. म्हणून आधी दोन-तीन ठिकाणी खड्डे घ्या, स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा आणि मगच प्लॅन काढा. नवा पाया लागणारच असेल, तर जुनं पाडून बांधायचा खर्चही विचारा. जुन्या भिंतींचा मोह कधीकधी फार महाग पडतो.

दुसरी चूक जिवावरची आहे. गॅरेजची समोरची बाजू म्हणजे जवळजवळ नुसतं दार. ती प्लायवूड लावून बुजवली म्हणजे भिंत झाली असं समजू नका. 1994 च्या नॉर्थरिज भूकंपात खाली मोकळं पार्किंग असलेल्या इमारतींचे तळमजले चेपले आणि माणसं गेली. तिथे शिअर वॉल, म्हणजे भूकंपाचे आडवे धक्के पेलणारी भिंत हवी, आणि ती होल्ड-डाउनने, म्हणजे भिंत पायाला जखडणाऱ्या लोखंडी जोडाने, घट्ट बांधलेली हवी. यात काटकसर नको.

जुनं गॅरेज कुंपणाला चिकटून असेल तर खालचा भाग तसाच राहू शकतो, पण नव्या मजल्यासाठी शहर बाजूने आणि मागून 4 फूट सोडायला लावू शकतं. म्हणजे वरची भिंत खालच्या भिंतीवर येणार नाही आणि मध्ये बीम घालावा लागेल. मुख्य घरापासून सुट्या असलेल्या अशा छोट्या घराला राज्याच्या कायद्याने 16 फूट उंची नक्की मिळते, मोठं ट्रान्झिट स्टेशन अर्ध्या मैलात असेल तर 18. एवढ्यात दोन मजले बसवणं कठीण, तेव्हा आपलं शहर जास्त उंची देतं का ते आधी लेखी विचारा.

जिना कागदावर लहान दिसतो. वीस बाय वीसच्या गॅरेजमध्ये तो प्रत्येक मजल्यावर सुमारे 40 चौरस फूट खातो. पायरीची उंची पावणेआठ इंचांपर्यंत चालते, पण गुडघे दुखणाऱ्या आईला ती रोज चढायला लावू नका. एक झोपायची खोली आणि बाथरूम खालीच ठेवा.

जमिनीवरचं लॅमिनेट फ्लोअरिंग फुगलंय? गॅरेजच्या काँक्रीटखाली बऱ्याचदा ओल अडवणारा प्लॅस्टिकचा थर नसतो. दीड फुटाचा प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी खालून दव दिसलं, तर आधी ओल थांबवा, मग फ्लोअरिंग. त्या जमिनीला दाराकडे उतारही असतो, तोही आधी भरून घ्या.

संडास तुंबत असेल तर ड्रेनेजचा उतार मोजा. फुटामागे पाव इंच लागतो, म्हणजे मुख्य लाइन 40 फुटांवर असेल तर 10 इंच. तेवढी खोली मिळत नसेल तर पंप बसवावा लागतो, आणि हे काँक्रीट ओतण्याआधी कळलेलं बरं.