सायकॉलॉजीनंतर एमएसडब्ल्यू: साताऱ्यातून सांगते

तिसऱ्या वर्षाची परीक्षा संपली की सायकॉलॉजीच्या मुलींचे फोन सुरू होतात. ‘ताई, एमए करू की एमएसडब्ल्यू?’ मी कराडला सायकॉलॉजीत बीए केलं, मग साताऱ्यात एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली मास्टर्स पदवी. आता मानसिक आजार असलेल्या माणसांच्या पुनर्वसनाचं काम करते. फोनवर सगळं सांगून होत नाही, म्हणून इथे लिहिते.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं पक्कं असेल तर एमएसडब्ल्यूच्या वाटेला जाऊ नका. त्यासाठी सायकॉलॉजीतच पुढे शिकावं लागतं आणि भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, नोंदणी लागते. एमएसडब्ल्यूकडून जाणारी वाट सायकिॲट्रिक सोशल वर्करची, म्हणजे मानसिक आजार असलेल्या माणसांबरोबर आणि त्यांच्या घरच्यांबरोबर काम करणाऱ्या समाजकार्यकर्तीची. त्यालाही एमएसडब्ल्यूनंतर विशेष शिक्षण लागतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात या दोघांच्या व्याख्या वेगवेगळ्या दिल्या आहेत. ॲडमिशनच्या आधी त्या एकदा वाचून काढा, कारण दोन वर्षं झाल्यावर ‘मला तर थेरपी करायची होती’ म्हणत रडणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत.

एमएसडब्ल्यूला कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो. साताऱ्यात जकातवाडीला समाजकार्य महाविद्यालय आहे, कोल्हापूरला सायबर ही संस्था आहे. टिसला, म्हणजे मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत, जायचं असेल तर प्रवेश सीयूईटी पीजी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून होतो. आपल्याला, म्हणजे सायकॉलॉजीवाल्यांना, व्यक्तिसहाय्य कार्य, म्हणजे एकेका माणसाबरोबरचं काम, ज्याला सगळे केसवर्कच म्हणतात, ते लवकर जमतं. समोरचा बोलत असताना गप्प बसायची सवय आपल्याला लागलेली असते. जड जातं ते समुदाय संघटन. ग्रामसभेत उभं राहून बोलणं, सरपंच, ग्रामसेवक आणि बचत गटाच्या बायका यांना एका सतरंजीवर बसवणं, हे कुठल्याच प्रॅक्टिकलला केलेलं नसतं.

खरं शिक्षण फिल्डवर्कला होतं. आठवड्यातले दोन दिवस एखाद्या संस्थेत किंवा वस्तीत जायचं, आल्यावर रिपोर्ट लिहायचा आणि आयसीला, म्हणजे त्या कामावरच्या एकास-एक चर्चेला, सुपरवायझर मॅडमपुढे बसायचं. रिपोर्ट कंटाळा करून उरकू नका. त्यातूनच आपण काय बघतो आणि काय आपल्या नजरेतून सुटतं, ते कळत जातं.

माण तालुक्यातलं एक घर सांगते, ओळख पटणार नाही इतपत. पंचविशीतला मुलगा, स्किझोफ्रेनिया. गोळ्या बंद झालेल्या. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा आणि भावकी त्याला आळशी ठरवून मोकळी झाली होती. हा आळस नाही, आजाराचंच लक्षण आहे, हे मला बीएच्या अभ्यासामुळे कळलं आणि घरच्यांना समजावता आलं. पण गोळ्या का थांबल्या, याचं उत्तर आईकडे होतं. ‘आवं ताई, त्याला घिऊन साताऱ्याला जायाचं म्हंजी माझा खाडा, वर दोघांचं तिकीट. गोळ्या फुकाट हायत्या, जाणं कुठं फुकाट हाय?’

इथून पुढचं काम समाजकार्याचं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे जे २१ प्रकार आहेत, त्यांत मानसिक आजारही येतो. सिव्हिलला तपासणी होऊन ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचा दाखला मिळाला, की एसटीच्या भाड्यात सवलत मिळते आणि तहसीलला संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करता येतो. मी फॉर्म घेऊनच गेले होते. आई मात्र फॉर्मला हात लावेना. बऱ्याच वेळाने म्हणाली, ‘कागदावर तसं लिवलं तर धाकटीचं लगीन कोण जमवंल?’

फॉर्म मी पिशवीत ठेवला. मग त्या माउलीशी फक्त बोलत राहिले. दाखला कोण बघतं, कुठे दाखवावा लागतो, गावात कुणाला कळतं आणि कुणाला नाही. पुढच्या भेटीला धाकटी बहीणच म्हणाली, ‘करा ताई, माझं मी बघीन.’ गावातल्या आशा सेविका ताईंनी गोळ्यांवर लक्ष ठेवायचं कबूल केलं. सायकॉलॉजी आणि समाजकार्य यांतलं मोठं काय, असा वाद वर्गात चालतो. त्या घरात मला दोन्ही लागलं, आणि एकाच दुपारी.

आता नोकऱ्या. पोलीस ठाण्यांतले महिला व बालकांसाठीचे विशेष सहाय्य कक्ष (टिसने १९८४ मध्ये मुंबईत सुरू केलेला हा उपक्रम), अत्याचारग्रस्त महिलांसाठीचं सखी वन स्टॉप सेंटर, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, आयसीटीसीतलं (एचआयव्ही तपासणी केंद्रातलं) समुपदेशन, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, व्यसनमुक्ती केंद्रं. आपल्या भागात स्वयंसेवी कामाची परंपराही भक्कम आहे. सांगलीत १९९२ पासून एचआयव्हीवर काम करणारी ‘संग्राम’, ग्रामीण बायकांसाठी काम करणारं म्हसवडचं माणदेशी फाउंडेशन, व्यसनमुक्ती आणि मानसिक आरोग्यावर काम करणारी साताऱ्याची ‘परिवर्तन’. तिथे सुट्टीत जरी काम करायला मिळालं तरी जा. प्रत्येक जाहिरातीतली पात्रता नीट वाचा. कुठे सायकॉलॉजी किंवा समाजकार्य, दोन्ही चालतं, कुठे एमएसडब्ल्यूच लागतं.

पैशांचं घरी आधीच बोलून ठेवा. बरीच पदं कंत्राटी, अकरा महिन्यांची, आणि पगार नव्हे तर मानधन. माझ्या पहिल्या संस्थेत प्रोजेक्टचा निधी अडकला आणि मानधन महिनोन्‌महिने आलं नाही. गाडीत पेट्रोल मात्र रोज टाकावं लागायचं. रुजू होण्याआधी करारपत्र, प्रवासभत्ता आणि प्रोजेक्टची मुदत लेखी मागा. समाजसेवा करायला आलात तर पैसे कसले विचारता, असं कुणी म्हटलं तरी मागा. ज्या कार्यकर्तीचं घर चालत नाही ती वर्षभरात काम सोडते, आणि तिच्या भरवशावर असलेली माणसं उघड्यावर पडतात. हे मी जीव तोडून सांगते.

दुचाकी शिका. सांगलीकडे काम करणार असाल तर जत तालुक्यात कानडी बोलणारी घरं पुष्कळ आहेत, चार वाक्यं तरी यायला हवीत. गृहभेटीला कुठे निघालोय ते सहकाऱ्याला सांगून जा. आणि ऐकलेलं मनात साठत जातं, त्यासाठी एखादी ज्येष्ठ कार्यकर्ती धरून ठेवा. माझ्या मॅडम अजून माझा फोन घेतात.

कॉलेज निवडताना इमारत बघू नका. फिल्डवर्कला मुलं कुठल्या संस्थांत पाठवतात त्याची यादी मागा, सुपरवायझर प्रत्यक्ष फिल्डवर येतात का ते दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा, आणि जमलं तर त्यांच्यातल्या एखादीबरोबर एक दिवस वस्तीत फिरून या. मग फॉर्म भरा.